चौथ्या उद्गाराची बारा मिनिटं

मी नवनीत गावित. नवापूर तालुक्यात बत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण गाव मला ओळखतं ते चौथ्या उद्गाराचे गुरुजी म्हणून. आमच्या चर्चमध्ये शुभ शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावर प्रभू सात वेळा बोलला, त्या एकेका उद्गारावर मंडळीतल्या सात जणांनी बोलायचं, प्रत्येकी बारा मिनिटं. पहिल्या दोन उद्गारांसाठी लोक वशिला लावतात, कारण त्यांत क्षमा आहे, स्वर्ग आहे. पाचवा तहानेचा, तो आमच्याकडच्या उन्हात कुणालाही जमतो. चौथा मात्र कुणालाच नको असतो. त्यात प्रभू देवालाच विचारतो, की तू मला का टाकलंस.

हा चौथा अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आणि खोटं कशाला बोलू, मी तो झकास घेतो. माझे तीन मुद्दे ठरलेले आहेत: पाप, पारख, प्रतिफळ. दुःख येतं ते कुठल्यातरी पापामुळे, नाहीतर देव आपली पारख करतो म्हणून, आणि दोन्ही नसेल तर पुढे मोठं प्रतिफळ मिळणार असतं म्हणून. तिन्ही शब्द 'प'चे निघाले तेव्हा मला दोन दिवस जेवण गोड लागलं होतं. व्याऱ्याचे माझे मेहुणे दरवर्षी मोबाइलवर माझं भाषण घेतात आणि मी ते पुढचा महिनाभर बघतो. बायको म्हणते, "तुमचं बोलणं तुमच्याइतकं कुणीच ऐकत नाही."

मंडळीच्या भेट समितीचा अध्यक्षही मीच. कुणाच्या घरी आजारपण आलं, मयत झाली, की मी वही घेऊन हजर. माणूस रडायला लागायच्या आत माझा पहिला मुद्दा सुरू झालेला असतो.

दोन वर्षांपूर्वी गोवालची मुलगी चंदन गेली. गोवाल हायवेजवळच्या पोल्ट्रीवर कामाला आहे आणि चर्चमध्ये ढोलक वाजवायचा. चंदन नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तो तिला मोटरसायकलवर बसवून एसटी स्टँडवर सोडायला निघाला होता, समोरून उलट्या बाजूने ट्रक आला. पोर गेली. गोवालच्या कोपराला खरचटलं. ट्रकवाला आजवर सापडला नाही. दफनाच्या वेळी कबरीपाशी मी वीस मिनिटं बोललो. पापाचा मुद्दा मी मुद्दाम गाळला आणि आपण किती हळव्या मनाचे आहोत याचं मनातल्या मनात कौतुकही केलं. पारख आणि प्रतिफळ मात्र सविस्तर सांगितलं. त्या दिवसापासून गोवाल आणि त्याची बायको चर्चला आले नाहीत.

यंदा शुभ शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळक रूपसिंग वळवी मला म्हणाले, "गुरुजी, गोवालला उपासनेला बोलवा. तुम्ही समितीचे अध्यक्ष." मी गेलो. गोवाल अंगणात खाटेवर बसला होता. त्याने मला पाणी दिलं. आम्ही आपसात मावचीत बोलतो. इथे मराठीत लिहितोय ते माझ्यातला मास्तर मरत नाही म्हणून.

"येतो," तो म्हणाला. "तुमचा चौथा आहे ना यंदाही?"

"आहे तर," मी जरा सावरूनच बसलो.

"मग एक सांगा. प्रभूने विचारलं, मला का टाकलंस. त्याला काय उत्तर मिळालं, तेवढं सांगा. आम्ही दोघं तेवढ्यासाठी येऊ. तुमचं ऐकून पटलं तर पुन्हा येत जाऊ. नाही पटलं तर तुम्ही परत बोलवायला येऊ नका."

मी म्हटलं, त्यात काय, सांगतो. घरी आलो, चष्मा लावला, चारही शुभवर्तमानं उघडली. उत्तर शोधत बसलो. प्रभू विचारतो, मग लोक त्याची टर उडवतात, कुणी आंब म्हणजे आंबलेला द्राक्षारस चाखायला देतो, तो प्राण सोडतो. उत्तर नाही. मागची पानं पाहिली, पुढची पाहिली. बायकोला विचारलं. ती भाकरी थापत म्हणाली, "तिथे कुठे उत्तर आहे? तुम्हीच तर देता दरवर्षी."

जिथे देवानेसुद्धा तोंड उघडलं नाही, तिथे मी अकरा वर्षं बारा-बारा मिनिटं बोलत होतो. आणि मेहुण्यांकडून त्याचं चित्रण करून घेत होतो.

शुक्रवारी चर्च गच्च भरलं. पंखे गरम हवा फिरवत होते. गोवाल आणि त्याची बायको दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले होते. तिसरा उद्गार संपला, मी उठलो, मेहुण्यांनी मोबाइल वर धरला. मी उद्गार वाचला आणि वही उघडली. पानावर तीन 'प' होते, लाल शाईने अधोरेखित. समोर त्या दोघांचे चेहरे. मी चष्मा काढून पुसला, लावला, परत काढून पुसला.

आता आमची मंडळी प्रेमळ. त्यांना वाटलं, गुरुजींचं वय झालं, विसरले. पहिल्या बाकावरून एक म्हातारी हळूच म्हणाली, "पाप, गुरुजी. पहिला पाप."

मी नाही अशी मान हलवली. तिला वाटलं, ऐकू गेलं नाही. ती मोठ्याने म्हणाली, "पाप." मग मंडळीचे सेक्रेटरी मदतीला धावले, "पारख, गुरुजी." आणि बायकांच्या बाजूने तीन-चार जणी एकदम, "प्रतिफळ." मीच इतकी वर्षं शिकवलेली शाळा मला शिकवत होती. आणि शेवटच्या बाकावर गोवालची बायको पदर तोंडात धरून ऐकत होती. कबरीपाशी मी हळवेपणाने गाळलेला मुद्दा तिला आज साऱ्या मंडळीकडून मिळाला होता.

"थांबा," मी म्हणालो. "उत्तर मिळालं नाही. प्रभूने विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं नाही. मी ते माझ्या मनाने देत आलो. चंदनच्या कबरीवरही दिलं. मला काहीच माहीत नव्हतं. मला गप्प बसायची भीती वाटते, म्हणून बोललो. चंदनने काही केलं नव्हतं. तिच्या आईबापानेही काही केलं नव्हतं. प्रभूनेही काही केलं नव्हतं. मला एवढंच ठाऊक आहे, की आपल्यासारखंच त्यानेही विचारलं."

दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती. बाकीची दहा मी तिथेच उभा राहिलो, कारण खाली बसावं की नाही हे सुचेना. मेहुण्यांनी मोबाइल खाली घेतला. शेवटी पाळकांनी गीत सुरू केलं.

तीन वाजता लोक बाहेर पडले. दोघा-तिघांनी मला डॉक्टरचं नाव सुचवलं. मी मात्र गोवालची वाट बघत चिंचेखाली थांबलो. आणि एवढं सगळं होऊनही माझी खोड बघा, तो येऊन 'गुरुजी, आज छान बोललात' म्हणेल अशी आशा मला होतीच.

बायकोला पुढे पाठवून तो आला. छानबिन काही म्हणाला नाही. माझ्या शेजारी पारावर बसला. त्याला चार वाजता पोल्ट्रीवर खाद्य टाकायला जायचं होतं, तरी बसला.

"ती लगेच गेली नव्हती," तो म्हणाला. "सगळ्यांना वाटतं लगेच गेली. तिच्या आईलाही मी तसंच सांगितलंय. रस्त्यावर माझ्या मांडीवर होती. मला म्हणाली, बाबा, मी काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही बेटा, तुला काही झालं नाही. तिने परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. तिला कळत होतं, गुरुजी, आपण मरतोय ते. तिला खरं बोलायचं होतं आणि मी बोलू दिलं नाही."

माझ्या जिभेवर लगेच सांत्वन तयार झालं, तुझी काही चूक नाही वगैरे. आयुष्यभराची सवय. मी ओठ घट्ट मिटले. मला रडू यायला लागलं होतं.

मग मी विचारलं, "अजून काय म्हणाली?"

गोवालने माझ्याकडे पाहिलं. दोन वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तो सांगू लागला.