कापडावरचा हात

कापायच्या आधी मी कापडावर डावा हात सपाट ठेवते आणि जरा थांबते. कपडे शिवायच्या आमच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी मी एकटीच, त्यामुळे कुणी फारसं विचारत नाही. विचारलंच तर सांगते, सुरकुत्या काढतेय. ते अर्धंच खरं आहे.

हे टेबल आधी माझ्या भावाचं होतं. कात्री धरायलाही त्यानंच शिकवलं. पहिल्याच दिवशी माझा हात लटपटायला लागला, तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "चिंगे, काप. कापडाला भिऊ नकोस." तो गेला आणि टेबल माझ्याकडे आलं. तेव्हापासून कापडावर हात ठेवला की तो शेजारी उभा आहे असं मला वाटतं. वाटतं कशाला, असतोच. आवाज येत नाही, काही दिसत नाही, अंगात-बिंगात तर मुळीच येत नाही. हाताची थरथर थांबते, एवढंच. मग मी कापते.

हे मी एकाच माणसाला सांगितलं. वहिनीला, त्याच्या बायकोला. ती शेजारच्या टेबलावर हातशिलाई करते.

"वहिनी, तुला पटलंच पाहिजे असं काही नाही," मी आधीच म्हणाले. "वेडी म्हणालीस तरी चालेल. माझ्यापुरतं आहे हे. पण तुझ्यापासून लपवणं बरं वाटेना."

तिनं पदरानं डोळे टिपले. "अगं, वेडी काय म्हणतेस? पटतं मला. तो कुठे जाणार आहे आपल्याला सोडून?"

न मागता मिळालेलं जरा जास्तच गोड लागतं. त्यानंतर ती येता-जाता हळूच विचारायची, "आज आला होता का गं?" आणि मी खुळ्यासारखी सांगत सुटायचे. ते 'चिंगे'सुद्धा सांगून टाकलं. त्या नावानं मला तो एकटाच हाक मारायचा, तीही आम्ही दोघंच टेबलाशी असताना.

परवा कोटाचं जाड, भारी कापड आलं. जेमतेम एका कोटापुरतं. चुकलं तर दुसरा तुकडा नाही. मी हात ठेवला, तेवढ्यात बटणांची काजं करणारी बाई मशीनमागून ओरडली, "काय गं, मिळाली का भावाची परवानगी?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी वहिनीकडे पाहिलं. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. सुईत दोरा आधीच होता.

खडू आणायच्या निमित्तानं सामानाच्या खोलीत गेले आणि चेहऱ्यावर पाणी मारून आले. परत आले तर दारातूनच काजेवालीचा आवाज आला, "कर ना, ती येईपर्यंत एकदा कर!"

वहिनी माझ्या टेबलाशी उभी होती. कापडावर डावा हात, डोळे मिटलेले. घोगरा, पुरुषी आवाज काढून ती म्हणाली, "चिंगेऽ, काऽप! कापडाला भिऊ नकोऽस!" इस्त्रीवाला पोट धरून हसत होता. तिचं ते सराईत होतं. पहिल्यांदा करणाऱ्याला इतकं जमत नाही.

केसानं गळा कापणं हे मी नुसतं ऐकून होते. आयुष्य कात्री चालवण्यात गेलं, पण ही धार मला ओळखता आली नाही.

मला पाहून सगळे आपापल्या मशीनला चिकटले. वहिनी लगबगीनं जवळ आली.

"अगं, गंमत केली जरा. मनाला लावून घेऊ नकोस. मला तर पटतंच ना..."

"आता तरी खोटं बोलू नकोस."

ती एकदम फटकारल्यासारखं म्हणाली, "नाही पटत. मेला तो. मेलेली माणसं कापडात येत नाहीत. आणि आलाच असता, तर आधी माझ्याकडे आला असता."

"मग हे त्याच दिवशी का नाही म्हणालीस? मी काय तुझ्याकडे होकार मागितला होता?"

तिचा नकार मला कधीच जड गेला नसता. दोघी मिळून चहा प्यायलो असतो, ती तिच्या टेबलाशी गेली असती, मी माझ्या. होकारानं मात्र मला उघडं पाडलं.

कोट कापायचाच होता. सगळ्यांच्या देखत मी कापडावर हात ठेवला आणि थांबले. थरथर काही थांबेना. मी तशीच कात्री चालवली. कोट नीट निघाला, मालकानं मानही डोलावली.

आजही हात ठेवते, सवय सुटत नाही. भाऊ गेल्यापासून कधी आवाज आला नव्हता. आता येतो. घोगरा, पुरुषी, वहिनीनं काढलेला.