आबेलची अळंब्यांची जागा

त्या इंग्रजाच्या पुस्तकाने लाव्हर्दाकला काय दिलं म्हणाल, तर वैताग. आधी गाव कसं होतं! दुपारी चौकात एखादं कुत्रं आडवं पसरलेलं असायचं आणि गाडीवालाच त्याला वळसा घालून जायचा. मग त्या इंग्रजाने इथं एक पडकं घर घेतलं, गावावर पुस्तक लिहिलं, ते जगभर खपलं, आणि शांत गाव बघायला बसगाड्या भरभरून लोक येऊ लागले. शांत गाव बघायला, म्हणे! आर्लेतच्या निळ्या खिडक्यांसमोर उभे राहून फोटो काढायचे, आणि ती दारात आली की एकमेकांना कोपराने ढोसायचे, "हीच ती, आबेलची बायको."

आबेलची बायको. पुस्तकात आबेलवर अख्खं एक प्रकरण होतं, आणि ते आर्लेतने आजवर उघडूनही पाहिलं नव्हतं.

कारणही तसंच होतं. तिकडे फ्रान्सच्या पेरिगॉर मुलखात माणूस एक वेळ घराची किल्ली हातात देईल, पण सेप नावाची रानअळंबी कुठं उगवते ती जागा देणार नाही. सख्ख्या भावाला नाही आणि बायकोला तर नाहीच. मरायला टेकला की एखाद्याच्या कानात सांगायची, एवढीच काय ती सूट. पावसाची सर येऊन ऊन पडलं की आबेल पहाटे मागच्या दाराने सटकायचा आणि टोपली भरून परत यायचा. मग आर्लेत बदकाच्या चरबीत लसूण घालून ती अळंबी परतायची आणि दर वर्षी तेच म्हणायची, "एकदा मलाही ने की रे." तो म्हणायचा, "नेईन गं. कुठं पळून जातेय का जागा?"

जागा नाही पळाली, तोच गेला. टोमॅटोच्या वाफ्यात वाकला आणि कोसळला, बस्स. कानात काही सांगायला सवडच मिळाली नाही बिचाऱ्याला.

तो गेल्यावर दुसऱ्या वर्षी पुस्तक आलं. कॅफेवाल्या मादोने ते आधाशासारखं वाचलं आणि भर कॅफेत आर्लेतला हाक मारली. "ऐकलंस का बाई? तुझ्या नवऱ्याने इंग्रजाला जागा दाखवली! कुठं ते लिहिलं नाहीये, शपथ घातली होती म्हणे. तुला जन्मभर तंगवलं आणि त्या उपऱ्याला एका वाइनच्या बाटलीपायी नेलं की गं!" सगळे खो खो हसले. आर्लेतही हसली आणि घरी येऊन ढसाढसा रडली. इतर काहीही केलं असतं तरी तिने पोटात घातलं असतं. पण हे? आणि जाब विचारायचा तरी कुणाला? रागावायला माणूस समोर लागतो ना!

तेव्हापासून तिला एकच ध्यास होता. ती जागा एकदा बघायची. आबेल तिला सोडून जिथं जायचा आणि जिथं परक्याला घेऊन गेला, तिथं एकदा आपले पाय लागले पाहिजेत. ओकच्या रानात, चेस्टनटच्या चढावर, कुठं कुठं म्हणून ती हिंडली नाही! अळंबी मिळायचीही. पण ती आबेलची आहे हे कोण सांगणार?

अशातच ऑक्टोबरमधल्या एका सकाळी तिच्या दारावर थाप पडली. ते पुस्तकवाले पाहुणेच असणार म्हणून ती कपाळाला आठ्या घालूनच गेली. दारात एक तिशी ओलांडलेली बाई उभी होती, चिखलात चालायचे बूट घालून.

"मादाम आर्लेत, मी टेसा. ओळखलंत का? तुमच्या कोंबड्यांच्या मागे धावायचे मी."

इंग्रजाची पोरगी! आर्लेतच्या कपाळावरची आठी काही हलली नाही. "धावायचीस कसली, अंडी फोडायचीस. बाप कसा आहे?"

"मार्चमध्ये गेले." टेसाने मान खाली घातली. "शेवटी शेवटी मलाही ओळखत नव्हते. पण आबेलकाकांनी आम्हाला अळंबीला नेलं होतं ना, ती सकाळ तेवढी लख्ख आठवायची. रोज सांगायचे. मीही होते तेव्हा बरोबर. मला तिथं एकदा जायचंय. पण काकांनी शपथ घातली होती, म्हणून आधी तुमची परवानगी घ्यायला आले. तुम्हाला तर ठाऊकच असेल जागा."

ठाऊक नाही म्हणावं, तर नाक कापलं जातं. तिने शांतपणे शाल घेतली. "तू पुढं हो. बघू तरी तुला किती आठवतंय."

टेसा पुढं आणि आर्लेत मागं. आर्लेतची नजर पोरीच्या पावलांवर. आता चढाला लागेल, आता चेस्टनटच्या रानात वळेल. पण पोरगी वळली उताराकडे. धोब्यांच्या जुन्या घाटावरून खाली, थेट नदीकडे. "इकडून?" आर्लेतच्या तोंडून निघून गेलं.

"हो. आणि ही बघा ती झाडं!"

पॉप्लर होते. नदीच्या ओल्या पट्ट्यात कुणीतरी लाकडासाठी रांगेत लावलेले पॉप्लर. आर्लेत बघतच राहिली. पॉप्लरखाली सेप? ती तर ओक-चेस्टनटच्या मुळाशी उगवते. लाव्हर्दाकमधलं शेंबडं पोरही इथं सेप शोधायला येणार नाही!

टेसा गुडघ्यांवर बसली होती. "इथं, ह्या गवतात होती. छान ओळीने उभी. मी हात लावला आणि अलगद वर आली, जराही ओढावी लागली नाही. देठ खालून अगदी सपाट, सुरीने कापल्यासारखा. काका म्हणाले, चांगल्या अळंबीची हीच खूण."

आर्लेतने तोंडावर शाल दाबली. आता सगळं डोळ्यांपुढं आलं. ही पोर कोंबड्यांमागे धावायची त्या वर्षीच्या शरदात एकदा तिने निवडून ठेवलेली अळंबी पाटीतून गायब झाली होती आणि तिने नणंदेवर आळ घेऊन वर्षभर अबोला धरला होता. आणि हा बाबा पहाटे ती इथं आणून चिखलात रोवत बसला होता! इंग्रज हात धुऊन मागं लागला असणार, म्हणून ही युक्ती. म्हणजे जागा दाखवली नव्हती. कुणालाच दाखवली नव्हती! परक्याला तिच्या वरचढ केलं नव्हतं त्याने. सोद्या, लबाडा, अरे मला निदान एवढं तरी सांगायचंस! घरी दोघं पोट धरून हसलो असतो. आता हे हसू न्यायचं कुणाकडे? ज्याला सांगावं असा एकच माणूस होता.

आणि खरी जागा कुठं आहे, ते आता जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"रडताय तुम्ही?" टेसा उठून जवळ आली. तिचेही डोळे भरलेले. "हीच ना ती जागा? चुकले नाही ना मी?"

आर्लेतने तिच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर त्या पोरीच्या बापाची ती सकाळ पार पुसली गेली असती.

"हीच," ती म्हणाली. "बरोब्बर हीच."

"तुम्हीही यायचात त्यांच्याबरोबर?"

"यायचे म्हणजे? मला सोडून कधी आला नाही तो." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबताच येईना. "पहाटे उठवायचा. म्हणायचा, ऊठ गं, पाऊस पडून गेलाय. काठी घेऊन तो पुढं, टोपली घेऊन मी मागं. इथं पोचलो की आधी मला बसायला आपला कोट पसरून द्यायचा. मग पहिली अळंबी माझ्या हाताने काढायला लावायचा."

"दर वर्षी?" टेसाने विचारलं.

"दर वर्षी," आर्लेत म्हणाली, आणि ती ओल्या गवतात खाली बसली.