ठिपका एकच

"सोनाली, ह्यांना ठिपका एकच का गं?" प्रियदर्शनी मॅडमनी स्क्रीनवर पेन टेकवलं.

सोनालीनं मान पुढे केली. सकाळपासून ती खुशीत होती, आणि तिला हक्कच होता. यंत्रमाग कामगारांच्या कानांची तपासणी उन्हाळाभर चालली होती. प्रत्येकाचे दोन कान, प्रत्येक कानाला सात आवाज, भोंग्यासारख्या जाड आवाजापासून शिट्टीसारख्या बारीकपर्यंत. आवाज हळूहळू वाढवत न्यायचा आणि ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. तक्त्यात प्रत्येक माणसाची एक लांबलचक आडवी ओळ, आधी डाव्या कानाचे सगळे आकडे, मग पार तिकडे उजव्याचे. मॅडमना हव्या होत्या डाव्या-उजव्याच्या जोड्या. गेला आठवडाभर सोनाली एकेक जोडी निवडून एकेक आलेख काढत बसली होती, अगदी रडकुंडीला आली होती.

आज तिनं तक्ताच उभा केला. एका माणसाच्या ओळीच्या सात ओळी केल्या. नाव, आवाज, डावा, उजवा, बस. मग एका दमात सगळ्यांच्या चौकटी स्क्रीनवर आल्या. प्रत्येक कामगाराची एक चौकट, तिच्यात सात ठिपके. ठिपका जितका वर आणि उजवीकडे, तितके कान गेलेले.

बहुतेक चौकटींत ठिपके वर चढून विखुरले होते. आयुष्य मागांच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार. पण मॅडमचं पेन होतं वरच्या रांगेवर. तिथं प्रत्येक चौकटीत खाली कोपऱ्यात एकच ठिपका होता. सातही एकमेकांवर बसले होते. दोन्ही कान चोख, लहान मुलाचेही नसतील असे.

"एखादा असेल गं असा," मॅडम म्हणाल्या. "ओळीनं इतके?"

ते सगळे पहिल्या आठवड्यातले होते. पहिल्याच चौकटीवर नाव होतं धुळा. सोनालीचे वडील, तिचे आबा.

तपासणीला लोक येईनात, म्हणून तिनं सुरुवातच घरातून केली होती. आबांचे कान उत्तम निघाले म्हणून कौतुकानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्याच भरवशावर तिनं बिभीषणमामाला होकार दिला होता. मामाची मेंढरं होटगीच्या पुढे रेल्वेच्या दोन्ही अंगांना चरतात, गाडीची शिट्टी आली की रुळांवरून हाकायची. मामाचे गुडघे गेलेत, त्याला माणूस हवा होता. कारखाना बंद पडल्यापासून आबा घरात भिंतीकडे बघत बसायचे. मेंढरांचं नाव निघालं आणि म्हातारा ताठ झाला. मेंढरं सोडून सोलापुरात आलो तेव्हा सोनालीचा जन्मसुद्धा नव्हता, पण घंटीवरनं अजून मेंढरू ओळखीन, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले होते. मामा उद्या त्यांना न्यायला येणार होता.

मॅडमनी विचारलं, पहिल्या आठवड्यात काय वेगळं होतं? सोनालीला आठवलं. टेबलावरचा आडपडदा तेव्हा आलाच नव्हता. कामगार तिच्या समोर बसत. कारखान्यात माणसाचा आवाज माणसाला कधी पोचतच नाही. तिथं ओठ वाचायचे, हात वाचायचे, पलीकडच्यानं भुवई उडवली की धागा तुटला हे समजायचं. ती बटण दाबायची आणि ते तिचं बोट बघून बोट वर करायचे. त्यात लबाडी नव्हती. त्यांच्यासाठी ऐकणं म्हणजे तेच होतं.

लहानपणी आबा हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवायचे. "माज्याकडं बगून बोल," म्हणायचे. तिला वाटायचं, वळण लावतायत.

चूक तुझी एकटीची नाही, पडद्याआधी सुरू करायला मीच सांगितलं होतं, असं मॅडम म्हणाल्या. ही रांग सध्या बाजूला काढ आणि सगळ्यांना पुन्हा बोलाव. सोनालीनं रांग बाजूला काढली. आबांची चौकट काढताना तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा दाढी करून, घोंगडी दोरीनं बांधून तयार बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी वर बघितलं. कान पुन्हा तपासायचेत, ती म्हणाली.

"परत कशाला? कान चांगलं हाईत म्हनलीस की."

"मशीन बिघडलं होतं, आबा."

आबा उठले. घोंगडी काखेत घेऊन निघाले. तपासणीच्या केंद्रावरनं परस्पर स्टँडवर जायचं, मामा तिथं भेटेल, असा त्यांचा बेत होता.

तिनं खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. असं उलटं कशाला, त्यांनी विचारलं. नवीन पद्धत आहे, ती म्हणाली. हेडफोन बसवताना त्यांच्या कानामागचे पांढरे केस तिनं सारखे केले आणि टेबलामागे येऊन बसली. आता तिला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि गुडघ्यावर ठेवलेलं, उचलायला तयार बोट.

तिनं शिट्टीपासून सुरुवात केली. डावा कान. मग थोडं वाढवून. आणखी वाढवून. उजवा. मनात ती म्हणत होती, उचला आबा, एकदा तरी उचला. यंत्राचा काटा शेवटच्या खुणेला लागला. आता हेडफोनमधून निसटलेली शिट्टी तिला टेबलापाशी स्पष्ट ऐकू येत होती.

आबा बराच वेळ शहाण्या मुलासारखे भिंतीकडे बघत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "सुरू कर की, सोने. बिभीषण वाट बगत असंल."

घोंगडी त्यांच्या पायाशी होती. बोट अजून गुडघ्यावर तयार होतं.