थोआची न्याहारी

"हे ठेवलंस तिच्यापुढे? हे?"

मेलेला उंदीर उचलावा तशी प्लास्टिकची रिकामी पिशवी होआनने दोन बोटांत धरली होती. पिशवीच्या तळाशी घोटभर रस्सा उरला होता आणि तो फरशीवर टपटप गळत होता. त्याची सून लुयेन एका हाताने कारखान्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती आणि दुसऱ्या हाताने स्कूटरची किल्ली शोधत होती.

"बाबा, फरशी आत्ता पुसलीय मी."

"फरशी गेली खड्ड्यात! मी विचारतोय, हे काय आहे?"

"फो आहे. न्याममावशीकडचा. एकतीस वर्षं खाताय की तुम्ही, ओळखू नाही आला?"

भिंतीवरच्या देव्हाऱ्यात पूर्वजांच्या ओळीत होआनच्या बायकोचा, थोआचा फोटो नवा कोरा दिसत होता. फोटोसमोर वाडगा होता आणि वाडग्यात तांदळाच्या शेवया, गोमांसाचे पातळ काप, वर कांद्याची पात. वाफा निघत होत्या. थोआला जाऊन आज सोळावा दिवस होता. एकोणपन्नास दिवसांपर्यंत गेलेलं माणूस घरातच असतं आणि घरातली माणसं जेवतात त्या त्या वेळी त्यालाही वाढायचं असतं. पंधरा दिवस थोआच्या बहिणीने गावाहून येऊन हे सगळं पाहिलं होतं. काल ती भातकापणीसाठी परत गेली आणि आज पहिल्याच सकाळी सूनबाईने सासूला पिशवीतला फो ओतून वाढला. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जन्मात कधी तिनं सकाळचं बाहेरचं खाल्लं नाही! एकदाही नाही! आणि मेल्यावर तिला पिशवीतलं घालतेस? लाज नाही वाटत?"

"मग काय खायच्या आई सकाळी?"

"काय म्हणजे? घरचं खायची."

"घरचं म्हणजे काय?"

"भात."

"कसला भात? ताजा की उरलेला? सोबत काय घ्यायच्या?"

होआन हातातली पिशवी उलटसुलट करून बघू लागला. लुयेनने जरा वाट पाहिली. मग तिने हेल्मेट चढवलं, फडक्याने रस्सा पुसला आणि म्हणाली, "भोंगा व्हायची वेळ झाली, जाते मी." ती गेली. पिशवी म्हाताऱ्याच्या हातातच होती.

एक्केचाळीस वर्षांचा संसार, आणि बायको सकाळी काय खायची ते त्याला माहीत नव्हतं. ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल. पण होआनला विचारलं असतं तर त्याने त्याचं कारण मोठ्या अभिमानाने सांगितलं असतं. नामदिन्ह शहराच्या कापडगिरणीत तो मागमिस्त्री होता. कोपऱ्यावर न्यामने फोचं दुकान थाटलं त्या दिवशी पहिला वाडगा त्याने खाल्ला आणि आठच्या आत न्यामची कढई रिकामी झाली. तेव्हापासून या माणसाचा पायगुण चांगला असं ठरून गेलं. दुकानदाराला सकाळचं पहिलं गिऱ्हाईक कसं मिळतं यावर अख्खा दिवस अवलंबून. त्यामुळे होआन रोज पहाटे सव्वापाचला घराबाहेर पडायचा, पाऊस असो, ताप असो, गिरणी चालू असो की बंद पडलेली. तो बसल्याशिवाय न्याम दुसऱ्या कुणाला वाढायची नाही. निवृत्तीनंतर तर जगात त्याची वाट पाहणारं ते एकच ठिकाण होतं. तो परत यायचा तोवर थोआचं खाणं, भांडी, झाडलोट सगळं उरकलेलं असायचं. शहरभर बायका बाहेर बसून न्याहारी करतात, पण थोआ नाही करायची. ती घरचं खाते, तिला तेच आवडतं, एवढंच त्याला ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

पण मयत झालेल्या घरचा पाय पहाटे दुकानाला लागू नये. तिसऱ्याच दिवशी न्यामने निरोप धाडला, दादांनी रागावू नये, शंभर दिवस जरा सातनंतर येत जावं. रागावू नये! एकतीस वर्षं ज्याने हिचं दुकान उघडलं, तो आता अपशकुनी? होआनने दुकानाचं तोंडच पाहायचं सोडलं. म्हणूनच एकतीस वर्षांत पहिल्यांदा तो हल्ली सकाळी सहाला घरात असायचा आणि म्हणूनच त्याला ती पिशवी दिसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो स्वतः स्वयंपाकघरात शिरला. करून दाखवतो म्हणाला, कुणाला ते माहीत नाही. मीठ सापडेना. मिठाच्या डब्यात साखर निघाली, साखरेच्या डब्यात सुकी कोळंबी. "बाई गेली ती गेली, डब्यांवर चार अक्षरं लिहायला काय झालं होतं!" तो भिंतीवर ओरडला. भात तळाला लागला. अंडं तव्याला चिकटलं, ते त्याने खरवडून काढलं आणि त्यातल्या त्यात बरी बाजू वर करून वाडग्यात ठेवलं. बोटाला चटका बसला होता. तरी देव्हाऱ्यापुढे वाडगा ठेवताना त्याची मान ताठ होती.

लुयेन केस बांधत बाहेर आली आणि वाडग्याकडे पाहत राहिली.

"अंडं?"

"हो, अंडं. घरचं. ताजं."

"आईंना अंड्यानं पित्त व्हायचं. नऊ वर्षांत एकदा खाताना पाहिलं नाही मी त्यांना."

"मग सांग ना काय खायची! कालपासून शहाणपणा शिकवतेयस नुसता!"

"सांगते, ऐका." लुयेनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "रात्रीचा उरलेला भात. कधी गरम करून, बहुतेक वेळा थंडच. वर खारवलेलं वांगं. उरलं असेल तर. पण ते मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही. आणि तुम्ही ठेवलंत ना बाबा, तर मी ते उचलून नाल्यात टाकीन."

"माझ्या घरात? माझ्या बायकोचं ताट?"

"हो. तुमच्या घरात."

"का पण? तिला आवडायचं ते!"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" लुयेनने केसांची गाठ करकचून बांधली. "का ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, सून पदरचं घालून सांगते. न्याममावशीला विचारा. त्या होत्या तिथं."

होआन चपला घालून तडक निघाला. दुकानात सहा-सात माणसं खुज्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन खात होती. न्यामने कढईमागून त्याला पाहिलं, हातातला डाव ठेवला आणि पदपथावर येऊन त्याच्या आडवी उभी राहिली.

"होआनदादा, सात नाही वाजले अजून."

"खायला आलोय का मी? तुझं दुकान तुला लखलाभ!"

"मग ओरडताय कशाला? गिऱ्हाईकं बघतायत."

"थोआ इथं कधी आली होती?"

न्यामचा चेहरा बदलला. तिने ओला हात कमरेच्या फडक्याला पुसला, मग दुसराही पुसला.

"जाऊ दे ना दादा. आता काय त्याचं."

"न्याम, मी विचारतोय."

"वहिनींचं गिरणीतलं काम सुटलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. वीस वर्षं झाली असतील. नवा निळा शर्ट घातला होता त्यांनी, केस विंचरून बांधले होते. तिथं झाडाशी उभ्या राहिल्या. मी म्हटलं, या वहिनी, बसा. तुमच्या बाजूचं स्टूल रिकामंच होतं." न्यामने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही काय बोललात ते आठवत नाही तुम्हाला?"

"नाही."

"तुम्ही म्हणालात, 'काय गं, घरातली चूल विझली की काय? तू इथं बसून भुरके मारणार, मग घर कोण सांभाळणार, मांजर?' सगळे खो खो हसले. गिरणीतली तुमची दोस्तमंडळी होती ना सगळी."

ते हसणं होआनला आठवलं. मस्त हशा पिकला होता, दोन-तीन दिवस गिरणीत ते मांजर फिरत होतं. शर्ट निळा होता हे मात्र त्याला काही केल्या आठवेना.

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, 'मिठाची पुडी घ्यायला आले होते.' आणि गेल्या." न्यामने खाली पाहिलं. "मीही हसले होते दादा, खोटं कशाला बोलू. पहिलं गिऱ्हाईक हसलं की आम्हाला हसावं लागतं."

"हलकट!" होआन म्हणाला. न्यामला म्हणाला की आणखी कुणाला, ते न्यामला कळलं नाही.

त्या दिवशी तो जेवला नाही. उंबऱ्यात बसून राहिला. सरळ सांगायचं तर तो संतापलेलाच होता, फक्त संताप कुणावर काढावा ते सापडत नव्हतं. न्यामवर काढून झाला. गिरणीतले दोस्त निम्मे मेले होते. थोआवर तो सर्वांत जास्त चिडला. बाईने वीस वर्षं एक शब्द काढू नये? भांडावं, आदळआपट करावी, चार दिवस अबोला धरावा! त्याच्या शर्टाची तुटलेली बटणं लावली, त्याला बाहेर जाताना छत्री दिली, आणि हे एवढं पोटात ठेवलं. हा कसला सूड?

चार वाजता लुयेन कामावरून आली. उंबऱ्यातला म्हातारा बाजूला झाला नाही, तेव्हा तीही स्कूटरवरून उतरली नाही.

"तिला खावंसं वाटायचं?" त्याने विचारलं.

"म्हणजे कळलं तर तुम्हाला." लुयेनने हेल्मेट काढलं. "तुम्ही आलात की शर्ट धुवायला टाकायचात ना? धुण्याआधी त्या वास घ्यायच्या. म्हणायच्या, 'आज न्यामचा रस्सा चांगला जमलाय गं, दालचिनी बरोबर पडलीय.' नाहीतर म्हणायच्या, 'आज घाई केली तिनं, हाडं नीट उकळली नाहीत.' एक घोट न पिता सगळं सांगायच्या. मी शंभरदा म्हटलं, आई, आणते पिशवीतून, बाबांना कळणारसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय? 'रात्रीचा भात कोण संपवणार?' ठरलेलं उत्तर. एकदा फारच मागे लागले तर हसून म्हणाल्या, 'मी मेले की आण. तेव्हा नाही म्हणायला मी नसेन.'" लुयेनने हेल्मेट स्कूटरच्या आरशावर आदळलं. "म्हणून आणला. आणि तुम्ही माझी लाज काढताय!"

"मला का नाही बोलली ती? तोंड नव्हतं तिला?"

"आल्या होत्या की बोलायला. निळा शर्ट घालून."

यावर म्हातारा उठला आणि त्याने तिला वाट दिली.

अठराव्या दिवशी पहाटे सव्वापाचला होआन घराबाहेर पडला. दुकानापाशी गेला नाही. रस्त्याच्या पलीकडे, शिंप्याच्या बंद दुकानाच्या पायरीपाशी उभा राहिला. न्यामने कढईचं झाकण काढलं. एक दाढीवाला रिक्षावाला आला, त्याने जांभई देत पहिला वाडगा घेतला आणि आपण कुणाच्या जागी बसलोय याची त्या गाढवाला खबरही नव्हती. होआनला त्याचा भयंकर राग आला. तरी तो जागचा हलला नाही. दुसरं गिऱ्हाईक आलं, तिसरं आलं. दोन शाळामास्तरणी आल्या, स्टुलांवर ऐसपैस बसल्या आणि मोठमोठ्याने बोलत खाऊ लागल्या. कुणी हसलं नाही. मांजराचं कुणी काही विचारलं नाही. तो त्यांच्याकडे बघत राहिला, इतका की त्यातल्या एकीने डोळे वटारले.

सातला पाच कमी असताना न्यामनेच हाक मारली. "या दादा आता."

"एक वाडगा. पिशवीत नको. तुझ्या वाडग्यात दे."

"घरी न्यायचाय?"

"हो. वाडगा परत आणून देतो."

न्यामने शेवया गरम पाण्यात बुडवून काढल्या, मांस पातळ कापलं, रस्सा काठोकाठ घातला, मग विचार करून थोडा कमी केला. वर पात आणि बाजूला लिंबाची फोड. होआनने पसरट ताटात वाडगा ठेवला आणि निघाला. दोनशे पावलांची वाट, पण त्याला बराच वेळ लागला. रस्सा हिंदकळला की थांबायचा. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने भोंगा वाजवला तर त्याला शिवी हासडली, पण मान वळवली नाही.

घरी लुयेन बाहेर पडायच्या तयारीत होती, आज तिची पाळी उशिराची होती. तिने पाहिलं, आणि देव्हाऱ्यापुढची जागा पुसून दिली. होआनने वाडगा ठेवला, चमचा उजव्या बाजूला ठेवला, चॉपस्टिक्सची टोकं जुळवली, लिंबू पिळलं. उदबत्ती लावून हात जोडले. उदबत्ती जळते तोवर गेलेलं माणूस जेवतं. ती विझली की वाढलेलं खाली उतरवून घरच्यांनी खायचं, टाकायचं नाही. दोघं उभी राहिली. वाफ कमी होत गेली. काडीची राख वाकली आणि पडली.

"बाबा, विझली." लुयेन हळूच म्हणाली. "उतरवू का? खाऊन घ्या, कालपासून पोटात काही नाही तुमच्या."

होआनने हात आडवा धरला.

"ती हळू खायची की भराभर?"

लुयेनला आधी प्रश्न कळला नाही. मग कळला.

"भराभर," ती म्हणाली. "उभ्यानं. ओट्याशी. तुम्ही यायच्या आत भांडी घासायची असायची ना."

म्हातारा फोटोकडे बघत राहिला.

"मग उतरवू नकोस," तो म्हणाला. "बसून खाऊ दे तिला." आणि त्याने दुसरी उदबत्ती लावली.