चार मिलिमीटर

वनखात्याच्या मागच्या खोलीत हरणांची हाडं मोजणाऱ्या माणसाला सगळे मापाडी म्हणत. हंगामात परवानेवाले शिकारी मारलेल्या प्रत्येक वर्षभराच्या पाडसाचा मागचा पाय चिठ्ठी बांधून आणून टाकत. हाड उकळून साफ करायचं, लाकडी फळीवर ठेवायचं, सरकता ठोकळा भिडवायचा आणि काटा दाखवेल तो आकडा लिहायचा. हरणं फार झाली की चारा पुरत नाही, पाडसांची हाडं आखूड राहतात. त्यावरून पुढच्या वर्षी किती हरणं मारू द्यायची ते ठरे.

अठरा वर्षं मापाडी आकडा पुकारायचा आणि समोरच्या लेखनिक बाई तो वहीत उतरवायच्या.

"दोनशे बेचाळीस."

"बेचाळीस. आणि जरा हळू ठेवा, एकदा मेलंय ते बिचारं."

मग बाई निवृत्त होऊन लेकाकडे गेल्या. जागा भरली नाही. मापाड्याची बायको त्याआधीच गेलेली. आता दिवसच्या दिवस त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

बाईंविना पहिल्याच हंगामात हाडांची सरासरी लांबी चार मिलिमीटरने घसरली. साहेब खूश झाले. "बघा, मी म्हणतच होतो, हरणं फार झालीत! चारशे हरणं जादा मारायला हरकत नाही."

मापाड्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली. त्याने कपाटातली जुनी हाडं काढली. त्यांच्यावर शाईने माप लिहिलेलं होतं. लिहिलेलं दोनशे बेचाळीस, भरलं दोनशे अडतीस. दुसरं हाडही तसंच. तिसरंही. मेलेली हाडं आखडतात होय?

आकडा टिपायला तो उजवीकडे झुकला आणि तसाच थांबला. काटा आकड्यांच्या पट्टीपासून बोटभर वर होता. बाई होत्या तेव्हा तो सरळ वरून बघायचा. आता वही उजव्या हाताशी, म्हणून तिकडे कलूनच तो वाचत होता, तिरका; तिथून काटा चार मिलिमीटर मागे दिसे. चूक हाडांत नव्हती, त्याच्या बसण्यात होती.

त्या हंगामाची सहाशे अकरा हाडं त्याने उभं राहून पुन्हा मोजली. पंधरा दिवस गेले. खरी घट जेमतेम एक मिलिमीटर निघाली.

"कागद वर गेलाय," साहेब म्हणाले. "आता माघार घेतली तर माझं हसं होईल."

"हसं माझं होऊ द्या. चूक माझी, तसं लिहून देतो."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना, साहेब."

साहेबांनी सुस्कारा सोडून कोरा कागद पुढे ओढला. चारशेचे ऐंशी झाले. मापाड्याच्या नोकरीच्या पुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला. मदतीला माणूस मागितला, तो काही मिळाला नाही.

संध्याकाळी त्याने बाईंना फोन लावला. मागे नातवंडांचा गलका चालला होता.

"चार मिलिमीटर? अगं बाई! आणि तुम्ही सांगून मोकळे झालात?" बाई हसल्या. "थांबा हं, दूध उतू चाललंय. मी करते फोन."

तो खुर्ची ओढून फोनपाशी बसला. सहाशे अकरा हाडांचं कसं कसं झालं, ते त्याने मनाशी जुळवून ठेवलं. बाहेर अंधारलं. फोन आला नाही. मग त्याने उठून दिवा लावला आणि आपल्यापुरतं ताट वाढून घेतलं.