गुऱ्हाळावरची पोरे

कुबाने गाडीची काच खाली केली आणि रस्त्याकडेला बांधलेल्या शेळीला विचारले, "तुझं नाव काय?"

शेळी उसाचे वाढे चघळत राहिली. शेजारी बसलेली त्याची बहीण झोशा पोट धरून हसली.

"शेळी न्हाई सांगत," पुढून नवनाथ म्हणाला. "पोरांना इचारायचं. हितं लई पोरं येत्यात बघ."

कुबा चार वर्षांचा होता, झोशा सात. नवनाथ आठवडाभर कुबाला हे एकच मराठी वाक्य शिकवत होता. जो कोणी नाव सांगेल त्याच्याशी हात मिळवायचा, मग पुढच्याला विचारायचे, असा तो खेळ होता. घरी कुबाने आईला, वडिलांना, फ्रीजला आणि बंगल्याच्या वॉचमनला नाव विचारून झाले होते.

मारेक रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून पोलंडहून आला होता. दोन वर्षे तो बायको ओला आणि मुलांसह शिरूरला बंगला भाड्याने घेऊन राहत होता. गाडी नवनाथ चालवायचा, आणि रविवारी कुठे जायचे हेही बहुतेक तोच ठरवायचा. सुप्याची हरणे, निघोजचे रांजणखळगे, भिगवणचे पक्षी असे सगळे त्याने दाखवले होते. मुलांचे सगळ्यांत आवडते ठिकाण मात्र दौंड जंक्शनचा पूल. तिथे उभे राहून मालगाडीला हात करायचा आणि इंजिनवाल्याने उलटा हात केला की नाचायचे. पुढच्या आठवड्यात ते परत निघणार होते. हा शेवटचा रविवार होता आणि मुलांनी मालगाड्याच मागितल्या होत्या.

"नवनाथ, ट्रेन?" ओलाने विचारले.

"बाद में ट्रेन, मॅडम. पहले गूळ. गरम गूळ. बच्चा लोग खूश."

न्हावरे मागे पडले. भीमेचा पूल ओलांडून गाडी राहूच्या रस्त्याला लागली. नवनाथने एसी वाढवला, तरी त्याच्या मानेवर घाम होता.

राहूत त्याची मुलगी होती, समृद्धी. ती दोन वर्षांची असताना तो दारू प्यायचा आणि पिऊन मारायचा. त्याची बायको सुवर्णा मुलीला घेऊन कासुर्डीला माहेरी गेली. सोडचिठ्ठी झाली आणि पुढे राहूच्या एका बागायतदाराने तिला मुलीसकट करून घेतले. तेव्हा बसलेल्या बैठकीत नवनाथच्या सख्ख्या मामानेच, मारुतरावांनी, शेवटचे सांगितले होते.

"पोरीला नवं घर लागू दे. तू त्या गावात पाय ठेवायचा न्हाई."

त्याने मान हलवली होती. नंतर दारू सुटली, पण शब्द दिलेला होता. मुलगी आता सातची झाली असेल. ती कशी दिसते हे त्याला माहीत नव्हते.

मात्र दोन वर्षांत त्याला एक गोष्ट कळली होती. ही सोनेरी केसांची पोरे जिथे गाडीतून उतरतात, तिथे दहा मिनिटांत गावातली सगळी पोरे गोळा होतात. कुणाला बोलवावे लागत नाही. आणि तो काही स्वतःहून राहूत जात नव्हता. साहेबांची गाडी घेऊन जात होता.

सुवर्णाच्या नव्या घराच्या मळ्याला लागूनच एक गुऱ्हाळ होते. गाडी तिथे थांबली.

काहिलीत रस उकळत होता आणि वाफेत पलीकडची माणसे दिसत नव्हती. चुलीत चिपाडे सारणारी कुशाबाई मुलांकडे बघून थबकली.

"आगं बया! ही पोरं कच्चीच काढली का काय? जरा भाजायची तरी!"

गुळवे हसले. ओलाला काहीच कळले नाही, पण तीही हसली. मारेकने काकवीत बोट बुडवले आणि भाजल्यावर तोंडात घातले.

पोरे आली. आधी दोघे, मग वस्तीवरून सात-आठ, मग एका सायकलवर तिघे. मुलींनी झोशाला घेरले.

"खरं हायेत का गं केस?"

"वढून बघ की."

"तूच वढ. मला न्हाई बाई विमानात घालून न्यायचं."

झोशाने स्वतःच वेणी पुढे केली. कुबा छाती काढून पहिल्या पोरापुढे उभा राहिला.

"तुझं नाव काय?"

"राजवीर. तुझं?"

"कुबा."

"कुबा? आन् कुबड कुठाय?" सायकलवाला पोरगा म्हणाला, आणि सगळी खिदळली. कुबाही खिदळला आणि त्याने हात मिळवला. पुढचा. पुढची. ईश्वरी. शौर्य. कार्तिकी. प्रत्येकाला आता नाव सांगायची घाई झाली होती.

नवनाथ गाडीला टेकून उभा होता. प्रत्येक मुलीपुढे कुबा थांबला की तो श्वास धरी. एका मुलीची हनुवटी सुवर्णासारखी वाटली. तिने नाव सांगितले, वैष्णवी. दुसरी डावखुरी होती, त्याच्यासारखी. श्रेया.

शाळेचा स्वेटर घातलेली एक मुलगी घोळक्यातून निघून गाडीच्या बाजूच्या आरशापाशी आली. ती आरशात जीभ काढून बघू लागली. नेमकी ती मधे आली आणि त्याला पलीकडचे काही दिसेना.

"ए, सर तिकडं," तो म्हणाला.

ती सरली आणि पुन्हा आली. आरशावर वाफ सोडून तिने बोटाने रेघ ओढली. पलीकडे कुबा आणखी एका मुलीपुढे उभा होता. ती नाव सांगत होती, आणि या मुलीच्या बोटाच्या करकरीत ते ऐकू आले नाही.

"कळत न्हाई का सांगितल्यालं?" नवनाथ ओरडला. "कुणाचं कार्टं हाय हे? चल, हो बाजूला!"

मुलीने बोट मागे घेतले. ती चिपाडाच्या गंजीआड गेली.

कुबाचा घोळका विचारून संपला. समृद्धी कुणीच म्हणाले नाही. नवनाथ कुशाबाईपाशी गेला.

"मावशी, समृद्धी नावाची पोरगी न्हाई का हितं? सात-आठ वर्षांची?"

"समृद्धी? न्हाई बा. वरच्या आळीला हाय एक, पर ती कॉलेजला जाती. का रं?"

"काय न्हाई. वळखीच्यातली हाय म्हनून इचारलं."

"सगळी तर हितंच हायेत. गोरी पोरं आल्यावर घरी कोन ऱ्हातंय?"

गावाला गेली असेल, आजारी असेल, असे तो मनाशी म्हणत गाडीकडे वळला. तेवढ्यात मळ्याच्या बांधावरून हाक आली.

"आरोही! ए आरोही! कुठं गेलीस गं?"

आवाज त्याने लगेच ओळखला. सुवर्णा हातात स्टीलचा डबा घेऊन येत होती. अंग भरले होते, चाल तीच होती.

"आई, हितंय मी," चिपाडाच्या गंजीमागून उत्तर आले.

शाळेचा स्वेटर घातलेली मुलगी बाहेर आली.

नव्या घरात तिला नावही नवे मिळाले होते. नवनाथचा हात गाडीच्या दारावर होता, तो तिथेच राहिला. मुलगी आईच्या कमरेला बिलगली तेव्हा सुवर्णाने वर पाहिले आणि तिला तो दिसला.

ती ओरडेल, दिराला बोलवेल, असे त्याला वाटले. तिने गाडीकडे पाहिले, सोनेरी केसांच्या पोरांकडे पाहिले, पुन्हा त्याच्याकडे पाहिले. बहुधा तिला सगळे कळले. ती गूळ निववायच्या वाफ्याजवळ गेली. गुळव्याने उसाच्या कांड्यावर गुंडाळून दिलेला गरम गूळ घेऊन तिने तो मुलीच्या हातात दिला.

"जा. त्या गाडीवाल्याला देऊन ये."

मुलगी हलली नाही. "मी न्हाई."

"का गं?"

"ते वरडत्यात."

सुवर्णाने त्याच्याकडे पाहिले.

"न्हाई वरडायचे आता," ती म्हणाली. "जा."

मुलगी दोन पावले आली आणि थांबली. नवनाथला काहीतरी म्हणायचे होते. पण आवाज काढला तर तोही ओरडल्यासारखा निघेल, अशी त्याला भीती वाटली. तो तिथेच मातीत उकिडवा बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उघडे ठेवले. मागे मालगाडी, मालगाडी असे काहीतरी आपल्या भाषेत ओरडत कुबा वडिलांना ओढत होता.

मुलगी आणखी थोडी पुढे आली. मधे उसाची एक मोळी पडली होती. त्याच्यावरची नजर न काढता तिने खाली वाकून गूळ त्या मोळीवर ठेवला आणि पळत आईकडे गेली.