बिनपार्टाची लिफ्ट

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे आणि देव मानायचे नाहीत. मी मानते. लग्न झाल्यापासून आमचं रात्रीचं जेवण या एकाच भांडणावर पचत आलं.

ह्यांचं म्हणणं असं: एवढं गुंतागुंतीचं जग कुणी घडवलं असेल, तर घडवणारा त्याहून गुंतागुंतीचा हवा. आणि जेवढे पार्ट जास्त, तेवढी ती वस्तू आपसूक असण्याची शक्यता कमी. मी म्हणायचे, देवाला पार्ट नसतातच, तो अखंड एक आहे. की लगेच ह्यांचं ठरलेलं, "मग एवढा पसारा चालवतो कशाने? बिनपार्टाची एक लिफ्ट दाखव मला." मी ताटं आपटत उचलायचे आणि हे गालात हसायचे.

हे गेल्यावर मला उत्तर सापडलं. कपडे वाळत घालताना सापडलं, मेलं. ह्यांच्यासाठी माझा जीव तुटतो, त्याला कसले आलेत पार्ट? ना स्क्रू, ना झाकण. तरी तेच मला सकाळी उठवतं, बाजारात नेऊन मला न आवडणारा मुळा घ्यायला लावतं, तो चिरताना रडवतं. एवढी साधी गोष्ट माझं अख्खं घर चालवते, मग देवाला का जमू नये? पण हे सांगू कुणाला?

परवा ह्यांचा कामावरचा जोडीदार हत्यारांची पेटी द्यायला आला. दोघं जन्मभर एकाच लिफ्टखाली वंगणात माखले, आणि हाही ह्यांच्यासारखाच पक्का नास्तिक. म्हटलं, सापडलं गिऱ्हाईक. पाणी दिलं आणि एका दमात सगळं ऐकवलं.

त्याने ग्लास खाली ठेवला. "बरोबर आहे तुमचं, वहिनी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "असं कसं बरोबर? दया नको मला, भाऊजी. भांडा माझ्याशी."

बिचारा गोंधळला. म्हणाला, आज त्याचा दोस्त असता तर त्याने हे चुटकीसरशी खोडून काढलं असतं.

"कसं? काय म्हणाले असते?"

त्याने खरंच विचार केला, कपाळाला आठ्या घालून केला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"नाही सुचत," तो म्हणाला. "ते त्यालाच जमायचं."

तो गेल्यावर मी दार लावलं आणि तिथेच जमिनीवर बसले. आजवर देवाकडे खूप काही मागितलंय. त्या दिवशी एवढंच मागितलं, की देवा, तू नाहीस, हे एकदा ह्यांच्या तोंडून मला ऐकू दे.